हिरडीच्या रंगाचा रणगाडा

शारशेनचा रणगाडा बाहेरून हिरवा होता आणि आतून गुलाबी. कारण तो हिरड्यांच्याच मालाचा होता.

काराकोलच्या दवाखान्यात मी दात काढायचे आणि मागच्या खोलीत शारशेन कवळ्या करायचा. एकोणीस वर्षं आमचं असंच चाललं होतं. मी तोंडं रिकामी करायची, त्यानं ती भरायची. त्याच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्या कट्ट्यावर गावातल्या म्हाताऱ्यांचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीनं मांडलेले असत. मला कधी कधी वाटे, माणसं आपली खरी तोंडं इथं ठेवून बाजारात हिंडताहेत.

कवळीची पावडर मुदत उलटली की फेकून द्यायची असते. शारशेन ती फेकत नसे. आधी मेण, मग प्लास्टरचा साचा, मग उकळतं पाणी, अशा कवळीच्याच रीतीनं त्यानं त्या पावडरीचा टी-चौतीस रणगाडा घडवायला घेतला. खऱ्याच्या पंधराव्या हिश्शाएवढा. एकेका पट्ट्याला बहात्तर पट्ट्या, आणि एक सोडून एका पट्टीला आतल्या बाजूनं उभा दात. दोन्ही पट्ट्यांचे मिळून हे बहात्तर दात त्यानं एकेक करून घासले.

"माझ्या आईच्या तोंडात हिवाळ्यापासून एक दात नाही," त्याची बायको बुरुल दुपारी कणकेचे तळलेले गरम बोरसोक घेऊन आली की मला ऐकवायची. "आणि ह्यांच्या रणगाड्याला बहात्तर! रणगाडा मटण खाणार आहे का, डॉक्टरीणबाई?"

"तुझ्या आईचं माप घ्यायला गेलो तर बोटाला चावली माझ्या," शारशेन मान वर न करता म्हणायचा.

"दात नसताना चावली?"

"म्हणून तर घाबरलो."

रणगाडा ओस्मोनकुल आबांचा होता. म्हणजे युद्धात आबांनी जो चालवला, तो. आता ते सफरचंदांच्या बागेची राखण करत. जर्मनांवरच्या विजयाला चाळीस वर्षं होणार म्हणून सांस्कृतिक भवनाच्या संचालकांनी भिंतीवर मोठी पाटी लावली होती : नऊ मे रोजी माजी रणगाडाचालक ओस्मोनकुल आबा आपल्या रणगाड्यावरचं कापड दूर करतील आणि आठवणी सांगतील. शारशेनला बाकी कशाची पर्वा नव्हती. आबांनी बघावं आणि 'हाच तो' म्हणावं, एवढ्यासाठी त्यानं नऊ महिने डोळे फोडले होते. हिरवा रंग अकरा वेळा कालवला होता. घुमटावर आबांच्याच रणगाड्याचा आकडा घातला होता, दोनशे चौदा.

एप्रिल संपताना आबा खालची कवळी टोचते म्हणून आले. शारशेननं कवळी घासून दिली आणि मग टेबलावरचं फडकं उचललं.

आबा हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरले. एकदा, दोनदा. घोडा विकत घेताना फिरतात तसे.

"छान झालाय," ते म्हणाले. "कुणाचा?"

"आबा, तुमचाच की! आकडा बघा ना."

"आकडा माझा आहे. रणगाडा नाही."

शारशेनचा चेहरा प्लास्टरसारखा झाला. "काय चुकलंय ते सांगा. आठ दिवस आहेत. तोफ आखूड वाटते का?"

"अरे पोरा, तोफेचं मला काय विचारतोस? मी हा बाहेरून पाहिलाय कधी? पहाटे अंधारात आत, रात्री अंधारात बाहेर. नीट असा एकदाच पाहिला बाहेरून, तेव्हा तो जळत होता." आबांनी जिभेनं कवळी चाचपली. "माझा रणगाडा म्हणजे एक बैठक, दोन दांडे, आणि समोर तळहाताएवढी उघडी झडप. त्या फटीतून दिसेल तेवढं जग. हा जो तुझा आहे ना, तो जर्मनांनी पाहिलेला. त्यांना बोलाव, ते सांगतील हाच तो म्हणून."

"पण आबा, नऊ तारखेला…"

"नऊ तारखेला मी येणार नाही. तूच बसवलेले दात घालून चारचौघांत खोटं बोलू होय?"

ते गेले. शारशेननं रणगाड्याच्या बंद झडपेवर बोट वाजवलं. त्या झडपेमागे काहीच नव्हतं, भरीव गुलाबी गोळा होता. मग त्यानं केसाएवढं बारीक पातं करवतीला लावलं.

"शारशेन, वेडा आहेस का?" मी म्हणाले. "भवनाला काय कळतंय आतलं?"

"तुम्ही दात काढताना विचारता का, वरून बरा दिसतोय तर राहू दे म्हणून?"

मी हजारो दात उपटलेत, पण ते मला बघवेना. अकरा वेळा कालवलेला हिरवा रंग भुगा होऊन पडला आणि पुढची तिरकी पाटी अलगद निघून आली. आत ओलसर गुलाबी. रणगाड्यानं तोंड उघडलं होतं.

संध्याकाळी शारशेन बागेत जाऊन आबांना घेऊन आला. काय सांगितलं असेल कोण जाणे, पण आबा थेट माझ्या खुर्चीत बसले. बाकावर गाल सुजलेला एक ट्रकवाला वाट बघत होता.

"खुर्ची खाली घे," आबा मला म्हणाले. "अजून. अजून गं! गुडघे छातीशी आले पाहिजेत."

"आबा, ह्याच्या खाली जमीन आहे."

"मग तेवढं बरोबर आहे."

त्यांनी हात पुढे केले आणि नसलेले दोन दांडे धरले. पायांनी नसलेली पेडल दाबली. शारशेन दोरा घेऊन मापं घेत होता, हनुवटी ते गुडघा, मनगट ते दांडा. ट्रकवाला दुखणं विसरून पुढे झुकला.

"इंजिन सुरू करायच्या हवेच्या दोन बाटल्या पायांपुढे," आबा सांगत होते. "गिअर उजवीकडे. मेला, चौथा कधी एका हातानं पडायचाच नाही. मी ओढायचो आणि शेजारून मिन्नुल्ला गुडघ्यानं रेटायचा."

"मिन्नुल्ला कोण?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"बिनतारीवाला. कझानचा तातार. युद्ध संपलं तरी मरेपर्यंत दर हिवाळ्यात पत्र : ओस्मोनकुल, तुझ्या चौथ्या गिअरपायी माझा गुडघा ठणकतो, मलमाचे पैसे पाठव."

"पाठवले?"

"सुकी सफरचंदं पाठवली. तीच चोळ म्हटलं."

पुढचे सात दिवस खोलीत फक्त कानस ऐकू यायची. बैठक झाली, दांडे झाले, करंगळीच्या पेराएवढ्या हवेच्या बाटल्या झाल्या. गिअरचा दांडा खरोखर हलणारा केला. आबा रोज येत आणि एकच शब्द बोलत : "खाली." किंवा "डावीकडे." आठ तारखेला ते बराच वेळ वाकून बघत राहिले. 'हाच तो' म्हणाले नाहीत.

"काहीतरी राहिलंय," ते म्हणाले.

शारशेननं टोपी काढून डोकं खाजवलं, मग एकदम विचारलं, "गुडघा कसा होता?"

"कसा म्हणजे? हाडकुळा. मेंढीच्या ढोपरासारखा."

दुसऱ्या दिवशी भवन गच्च भरलं होतं. संचालकांनी कापडाखालून पुढची पाटी जराशी उचलून आत डोकावलं आणि शारशेनला जवळ ओढलं. "साथी शारशेन, तालुक्याहून पाहुणे आलेत. हे आत गुलाबी काय आहे? रंग नाही द्यायचा?"

"वेळ नव्हता."

"आणि हे? गिअरच्या बाजूला हे काय निघालंय?"

"गुडघा."

"कुणाचा?"

"मिन्नुल्लाचा."

संचालक काही बोलायच्या आत आबांनी कापड ओढलं होतं. छातीवर पदकं, हातात संचालकांनी लिहून दिलेलं भाषण. भाषण त्यांनी तसंच घडी करून खिशात टाकलं. पुढची पाटी उचलून बाजूला ठेवली. दोन बोटं आत घातली, एकानं गिअरचा दांडा ओढला, दुसऱ्यानं तो चिमुकला गुलाबी गुडघा रेटला.

टक्क असा आवाज झाला.

"पडला!" आबा ओरडले. "चौथा पडला!" आणि शारशेनकडे वळून, सगळ्यांदेखत : "हाच तो रे. ह्यातच होतो मी."

शारशेनच्या नाकातून पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं आणि प्लास्टरची पावडर गालाला लावून घेतली. पाहुणे टाळ्या वाजवायला उठले, तसे आबा त्यांच्यावरच खेकसले, "उभं राहून काय दिसणार? खाली बसा, साहेब. गुडघे छातीशी घ्या. हं, आता बघा."

तालुक्याचे पाहुणे पँट सावरत उकिडवे बसले. त्यांच्यामागे रांग लागली होती.