टाकीपर्यंतचं तिकीट

चौदा नंबरची बस शहराच्या एका टोकापासून निघते आणि सव्वा तासाने दुसऱ्या टोकाला पोचते. बरोबर मध्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, तिचं भाडं दुपटीहून जास्त होतं. का, ते विचारायची सोय नाही. टाकीपुढचा रस्ता चढाचा नाही, तिथे टायर जास्त झिजत नाहीत आणि ड्रायव्हरही तोच असतो. पण टप्पा कुठेतरी पाडायलाच हवा होता, आणि ज्या साहेबाने तो पाडला त्याला बहिणी नसाव्यात.

चिमी एका टोकाला राहायची, तिची थोरली बहीण दुसऱ्या. चोपन्नाव्या वर्षीही ती चिमीच होती, कारण तिला नावाने हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं आणि ते माणूस सवय बदलणाऱ्यांतलं नव्हतं.

कोट शिवणाऱ्या कारखान्यात चिमी काजं करायची. शर्टांची काजं मशीन करतं. भारी कोटांची मात्र हाताने करतात. आपल्यासाठी कुणीतरी डोळे फोडून घेतले एवढं समाधान गिऱ्हाइकाला किमतीत मिळतं. मजुरी काजावर होती, त्यामुळे जगातल्या बहुतेक गोष्टी तिला काजांत दिसत. साबणाची वडी चार काजं. टाकीपर्यंतचं तिकीट सात. टोकापर्यंतचं अठरा, आणि परत यायचं असेल तर आणखी अठरा. म्हणजे एक दिवस बहिणीला बघायचं तर एक दिवस ते बघणं शिवून काढायचं.

"भाडं परवडतं कुणाला?" कारखान्यातले कटिंग मास्तर विचारत, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच देत, "ज्याला बस लागत नाही त्याला."

म्हणून अकरा वर्षांपूर्वी दोघींनी तोड काढली. दर रविवारी दोघींनी आपापल्या टोकाकडून टाकीपर्यंतचं तिकीट काढायचं आणि टाकीखालच्या बाकावर भेटायचं. बाक सिमेंटचा होता, त्याला पाठ नव्हती. टाकी एका जागी गळायची, ठिबकत ठिबकत खाली शेवाळाची एक हिरवी चादर झाली होती, आणि उन्हाळ्यातसुद्धा तिथे पाण्याच्या पोटात बसल्यासारखं गार वाटायचं. थोरलीने एकतीस वर्षं शाळेत घंटा दिली होती. बस लवकर येवो की उशिरा, ती अकरालाच उतरायची. हे कोडं कंडक्टरलाही सुटलेलं नव्हतं.

खिडकीची सुरुवात पहिल्याच रविवारी झाली. चिमी तेव्हा नुकतीच नव्या खोलीत आली होती. नवरा परगावी कामाला गेला होता आणि ते काम फारच लांबलं होतं.

"खोली कशी आहे गं?" थोरलीने विचारलं.

"बरी आहे."

"उजेड?"

"खिडकी आहे ना, ताई."

नव्हती. खोली लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाला होती. तीन बाजूंना भिंती, चौथीला दार, आणि दाराबाहेर बोळ. त्यांतल्या एका भिंतीमागे लॉन्ड्रीचा बॉयलर होता. पण थोरलीच्या कपाळावरची आठी त्या एका शब्दाने उतरली, आणि सात काजांत त्या दिवशी आणखी काय देता आलं असतं?

काज म्हणजे तरी काय असतं? चांगल्या कापडाला पाडलेलं भोक. कडा दोऱ्याने नीट बांधल्या की लोक त्याला भोक म्हणत नाहीत. चिमीने खिडकीच्या कडा बांधायला घेतल्या.

खिडकी म्हटली की बाहेर काहीतरी हवं. दुसऱ्या रविवारी झाड आलं. झाड आल्यावर त्याला पानगळ आली, पालवी आली, आणि एक पक्षी आला, ज्याचं नाव चिमीला ठाऊक नव्हतं म्हणून तो नेहमी पाठमोरा बसायचा. चौथ्या महिन्यात समोरच्या घरात एक म्हातारा घड्याळजी राहायला आला. तो संध्याकाळी दिवा जवळ ओढून लोकांची वेळ दुरुस्त करत बसे. चिमी बाकी कुठल्याही बाबतीत खोटं बोलत नसे. कारखान्यात एखादं काज वाकडं गेलं तर स्वतःहून सांगायची. फक्त या एका खोलीत तिने स्वतःला मोकळं सोडलं होतं.

संध्याकाळी परतल्यावर ती दिवा न लावता पडून राही. भिंतीमागे पाणी भरायचं, घुसळायचं, ओसरायचं. साबणाचा ओला वास दाराखालून आत यायचा. भिंत हळूहळू तापायची. डोळे मिटायच्या आणि उघडायच्या मधल्या जागेत मग भिंत विरत जायची, आणि पलीकडे पानं हलायची. त्यांच्या मागे घड्याळजीचा पिवळा दिवा. काटे चिमटीत धरलेला त्याचा हात. इतकं स्पष्ट, की एकदा त्याने दिवा लावला नाही तर तिला काळजी वाटली होती.

थोरली सगळं लक्षात ठेवायची. "घड्याळजीचा खोकला थांबला का गं?"

"थांबला. पण आता चष्मा हरवलाय."

"डोक्यावर असेल मेल्याच्या," थोरली म्हणायची.

सहा वर्षांपूर्वी एक रविवार चुकला. चिमी तापाने फणफणली होती. पुढच्या रविवारी ती घाबरतच टाकीखाली गेली, पण थोरली रागावली नाही. वाट पाहून परत गेले, एवढंच म्हणाली आणि पिशवीतून निळं कापड काढलं.

"पडदा कर खिडकीला. ऊन येत असेल."

चिमीने पडदा शिवला. कापड भिंतीच्या मापाला तंतोतंत पुरलं, याचं तिला नवल वाटलं, पण तिने ते थोरलीच्या नजरेच्या खाती टाकलं. कोऱ्या भिंतीवर दोन खिळे ठोकून तिने पडदा टांगला. बॉयलर चालू झाला की भिंतीवरची गरम हवा वर चढायची आणि पडदा किंचित हलायचा. खरोखरीच्या खिडकीवरचे कित्येक पडदे एवढं करत नाहीत.

हे असंच चाललं असतं. पण मग भाडं उतरलं.

एका रविवारी कंडक्टरने तिच्या हातावर तिकीट ठेवलं आणि पुढच्या सीटच्या पाठीवर चिकटवलेला कागद दाखवला. "वाचा, वाचा. पुढच्या आठवड्यापासून रविवारी एकच भाडं. चढा कुठेही, उतरा कुठेही. टाकीपर्यंतचेच पैसे."

"आणि टाकीच्या पुढे?"

"पुढे काय? टाकी राहील मागे. इतकी वर्षं पोटाशी धरलीत, आता सोडा तिला." त्याने तिकिटांचा गठ्ठा झटकला. "तोटा भरून काढायला भाडं कमी केलंय म्हणे. वरच्या लोकांना गणित जमतं."

बसमध्ये लोक एकमेकांना बातमी सांगत होते. एक बाई मनातल्या मनात बोटांवर नातेवाईक मोजत होती. चिमीने मात्र तो कागद पुन्हा एकदा वाचला. अकरा वर्षं त्या खिडकीचं रक्षण भाड्याच्या टप्प्याने केलं होतं. आजवर "ये ना घरी" असं ती निर्धास्त म्हणायची, कारण परवडत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. न परवडणाऱ्या गोष्टीचं आमंत्रण द्यायला काहीच लागत नाही.

थोरलीला बातमी आधीच कळली होती. "पुढच्या रविवारी मी तुझ्याकडे येते."

"मीच येते की तुझ्याकडे."

"माझ्याकडे काय आहे? सून आणि टीव्ही. दोन्ही दिवसभर चालू." थोरलीने कमरेवर हात ठेवला. "या बाकावर पाठ भरून येते आता, चिमे. मला काही बघायचं नाही. पाठ टेकायला भिंत असली की झालं."

त्या आठवड्यात चिमीची सात काजं वाकडी गेली. सातवं पाहून मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, हा कोट एका वकिलाचा आहे. त्याला वाकडं चालेल, पण सरळ दिसलं पाहिजे. काय झालंय?"

शेजारी बसणाऱ्या इस्त्रीवालीने खिडकीचं सगळं तिच्याकडून काढून घेतलं. मग ती खूप हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "माझी खोली घे की! तिसरा मजला, चांगली हातभर खिडकी आहे. रविवारी दुपारी आम्ही सगळे माझ्या दिराकडे जाणार. दोन तास तूच मालकीण."

गुरुवारी सुटल्यावर चिमी ती खोली पाहून आली. खिडकी होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. बाहेर समोरच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप होते, आणि एका पाइपाला कुणीतरी बनियन वाळत घातलं होतं. चिमी बराच वेळ गजांना धरून उभी राहिली. झाड कुठे लावावं ते तिला सुचेना. घड्याळजीला तर बसायलाही जागा नव्हती.

"कशी आहे?" इस्त्रीवालीने विचारलं.

"छान आहे गं," चिमी म्हणाली. "पण माझ्या ताईला पटायची नाही."

जिन्यावरून उतरताना तिने ठरवलं, सांगून टाकायचं. घरी आल्यावर नाही, त्याआधी, टाकीखाली, जिथे सुरू झालं तिथेच. थोरली रागावेल. अकरा वर्षं मला वेड्यात काढलंस म्हणेल आणि उलट्या बसने निघून जाईल. मग रविवार उरेल, भाडंही परवडेल, आणि जायला कुणी नसेल.

रविवारी ती पावणेअकरालाच टाकीखाली पोचली. बाकावर बसून तिने वाक्य जुळवलं. ठिबकणाऱ्या पाण्याखाली ते वाक्य परत परत विस्कटत होतं. बरोबर अकराला समोरून बस आली. थोरली उतरलीच नाही. खिडकीतून अर्धी बाहेर झुकून तिने हाक मारली, "तू इथे काय करतेस? मी टोकापर्यंत येणार होते ना! चढ लवकर!"

"ताई, तू उतर आधी, मला एक..."

"बायांनो, चढायचं का उतरायचं ते घरी ठरवून येत चला," कंडक्टर म्हणाला.

चिमी चढली. बस हलली आणि टाकी मागे गेली. थोरलीच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीवर दोन्ही हात. रस्त्याकडेची घरं, दुकानांच्या बंद फळ्या, गच्च्यांवरचे कपडे काचेवरून पाण्यासारखे वाहत होते. ऊन दोघींच्या पदरांवरून आळीपाळीने सरकत होतं. एकाच बाजूला तोंड करून दोघी गेल्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच प्रवास करत होत्या.

"ताई, ती खिडकी..."

"काचेची ना? लाव थोडी, वारा बोचतो."

"ही नाही. घरची."

"घरचं घरी बघू," थोरली म्हणाली. "तिकीट काढलंय मी पूर्ण. ते तरी वसूल होऊ दे."

शेवटच्या स्टॉपवर दोघी उतरल्या. चिमी मागे राहिली. थोरली पुढे चालू लागली. चौक ओलांडून ती डावीकडे वळली, मग खांबापाशी उजवीकडे. चिमीने तिला कुठे वळायचं ते सांगितलं नव्हतं, हे चिमीच्या ध्यानात यायला लॉन्ड्रीपर्यंतचा रस्ता संपावा लागला.

लॉन्ड्रीवाला दारात हॉटेलांच्या चादरींची घडी घालत होता. त्याने मान वर केली. "या या, मोठ्या बाई! बऱ्याच वर्षांनी. मागे ही तापात पडली होती तेव्हा आला होतात ना? झोपेतच बघितलंत हिला, उठवू नका म्हणालात, आणि माझ्याच दोरीने भिंत मोजून गेलात."

बोळात शिरून चिमीने किल्ली काढली, पण कुलपाला लावली नाही.

"अठरा काजं," चिमी म्हणाली. "जायची अठरा, यायची अठरा."

"काजं तुझी. माझे पैसेच गेले," थोरली म्हणाली. "कुलूप काढ. पाठ दुखतेय."

खोलीत गेल्यावर थोरलीने इकडेतिकडे पाहिलं नाही. निळा पडदा टांगलेल्या भिंतीपाशी ती सरळ गेली, सतरंजी ओढली आणि पाठ टेकून बसली. भिंतीची ऊब पाठीत शिरली तसे तिने डोळे मिटले.

"किती छान गरम आहे गं. हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय त्यात?"

"खरं तेवढं नेमकं सोडलंस." डोळे मिटूनच थोरलीने विचारलं, "बाकी काय चाललंय तिकडे? चष्मा सापडला का त्याला?"

चिमी दारात उभी होती. पलीकडे पाणी भरत होतं, घुसळत होतं. ती आत आली आणि तिने हळूच पडद्याची कड धरली. उघडून दाखवावं, संपवून टाकावं, असं तिच्या मनात होतं.

"राहू दे," थोरली म्हणाली. "सरकवू नकोस. या वेळेला थेट डोळ्यांवर येतं ऊन."

चिमीने कड सोडली आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली. पडदा दोघींच्या डोक्यावर किंचित हलला.

"डोक्यावरच होता चष्मा," ती म्हणाली.

"म्हटलं नव्हतं मी?"