आत्यानं न लावलेला पाला

हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगून राहिले, ते मलाच धड कळत नाही — पण बसा.

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीतून एम.फार्म. झालेली पहिली पोर मीच, आणि आजही मी मान ताठ करून चालते. खोटं कशाला बोलू? अभिमान आहेच. सगळं तिथूनच सुरू झालं.

नागपूरच्या कॉलेजात माझा विषय होता संत्र्याची साल. सालीतला औषधी अंश चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरायचा — डोळ्याला दिसायच्याच नाहीत, इतक्या लहान — आणि त्या पिशव्या मलमासारख्या जेलमध्ये मिसळायच्या. जेल जखमेवर लावला की त्या आत उतरतात, औषध हळूहळू सोडतात. उंदरांच्या जखमा भरल्या होत्या. फक्त उंदरांच्या.

साली पुरवायची माझी शांताआत्या, रामाकोना गावची. संत्र्याच्या तोडणीला जायची, फुटकी फळं घरी आणायची, साली खाटेवर वाळवून थैली भरायची. नागपूरच्या बसमध्ये थैली ठेवताना कंडक्टरला दटावायची, "सांभाळून ने रे बाप्पा, आमच्या पोरीचं औषध हाय."

आत्याला शुगर होती. टाचेत काटा रुतला, जखम चिघळली. ती सौसरच्या दवाखान्यात निघालीच होती — मीच अडवलं. कशाला जातेस, म्हटलं, माझा जेल आहे ना! माझ्या गाईड सरांना न विचारता प्रयोगशाळेतून डबी उचलून आणली. थंड जागी ठेव, एवढंच बजावलं. आत्यानं ती जिवापाड जपली. शेजारणीच्या फ्रीजमध्ये, थेट बर्फाच्या कप्प्यात.

पंधरा दिवसांनी गेले तर डबीत पाणी सुटलेलं. गोठून पिशव्या फुटल्या होत्या. बघताक्षणी समजलं मला, शिकलेच होते ना ते? जखमेचा वासही येत होता. तिथूनच तिला उचलून न्यायला नको होतं का? मी काय केलं — चमचा घेतला, डबीतलं ढवळून एकजीव केलं आणि तिच्या हातात परत दिलं. माझं औषध नासलं, हे तिच्या सुनेदेखत तोंडातून निघेना.

इथवरचं एखादवेळी कोणाला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

नागपूरला नेईस्तोवर पाय काळा पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, जखमेवर लावलं काय? आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला त्या औषधाचं नाव घेता येत नव्हतं. पोरगी सांगेल, असंच वाटलं असेल तिला, दुसरं काय?

मी म्हणाले, "कसला तरी झाडपाला लावला हिनं. खेड्यातली माणसं, सर — ऐकतात कुठं?"

हिनं, म्हणाले मी. माझ्यासाठी साली वाळवणाऱ्या बाईला.

डॉक्टर तिच्यावर ओरडले. अडाणी म्हणाले. वॉर्डातली सगळी माणसं वळून बघत होती. आत्या माझ्याकडे पाहतच होती, मग तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "चुकलं माह्यं, साहेब."

पाय गुडघ्याखालून गेला.

तिनं माझं बोलणं कधी खोडलं नाही. ना तिथं, ना घरी, ना सुनेजवळ. तिला खरं आठवते का? की माझंच खोटं आता तिलाही खरं वाटते? विचारायची माझी छाती झाली नाही, होणारही नाही.

आता ती दारातल्या खाटेवर बसून असते. एका कडेला साली वाळत असतात — कोणासाठी, देव जाणे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना थांबवून सांगते, "माह्यासारखा पाला नोका लावू वं बायांनो. काही झालं तं आमच्या पोरीले पुसा. शिकेल हाय ते."

मी तिथंच बसलेली असते. मान हलवते.