खो मिळेपर्यंत उठायचं नाही

शाळेतले किस्से मुद्दाम कोणी जमवत नाही. आमच्या स्टाफरूमच्या कपाटावर जुने तक्ते, फुटके बॉल आणि जोडीदार हरवलेले बूट जसे आपोआप साठत गेलेत, तसे तेही साठतात. एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. गेल्या वर्षी पडलेले सगळे माझ्याच थकव्याचे होते, म्हणून मीच सांगते. दुसऱ्या कोणी सांगितले तर त्यात मी जास्त घोरते!

मी नवापूरच्या मुलींच्या शाळेत पीटीची शिक्षिका. राहते नंदुरबारला, रोज गाडीने अपडाउन. पन्नाशी ओलांडली आणि पाळीबरोबर झोपही गेली. रात्रभर अंगातून वाफा, दिवसा पायात शिसं. पीटीची बाई जिना चढताना कठड्याला धरते म्हणजे काय! शेवटी नंदुरबारच्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोन सुरू केले. सकाळी दंडाला लावायचं जेल आणि एक गोळी. "थकवा लगेच जाणार नाही हं, दोन-तीन महिने धीर धरा," असंही बजावलं.

मी स्टाफरूममध्ये फक्त शेजारच्या गावित मॅडमना हळूच सांगितलं. त्या विज्ञान शिकवतात, त्यांना कळेल म्हणून. पण पलीकडे गणिताचे सोनवणे सर वह्या तपासत होते आणि त्यांचे कान वह्यांत नसतात. मूळचे शहाद्याकडचे, राहायला नवापुरात, बोलणं पक्कं अहिराणी.

"हार्मोन? आपला नवापूरमा कोंबडीसले देतस तेच का?"

नवापुरात घरटी नाही तरी गल्लीगणिक एक पोल्ट्री. पोल्ट्रीवाले शपथेवर सांगतात की कोंबडीला हार्मोन देत नाहीत, पण ऐकतो कोण!

सर उठून माझ्याभोवती एक फेरी मारून आले. "मॅडम, कोंबडी दीड महिनामा तयार व्हई जास. तुमले किती लागी?"

\*

पहिल्याच आठवड्यात मी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसले, खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे उघडले तेव्हा बाहेरची पाटी गुजरातीत होती. सोनगड! नवापूर कधीच मागे गेलं होतं.

हेडसरांचा फोन आला. "मॅडम, प्रार्थना झाली. आहात कुठे?"

"सर, गुजरातमध्ये."

हेडसर नियमाचे एकदम पक्के. अतिशय काळजीच्या आवाजात म्हणाले, "परराज्यात जाण्याची पूर्वपरवानगी घेतली होती का?"

\*

आता जो किस्सा आहे तो ऐकताना सगळे हसतात, मीही हसते. त्या दिवशी मात्र हसले नव्हते.

आमचा खो-खोचा संघ हा माझा जीव. दुपारी मैदानावर सराव चालू होता. मी खुर्चीत बसलेली, शिट्टी तोंडात, डोळा लागला. आता झोपलेला माणूस श्वास घेणारच. श्वास आत, श्वास बाहेर, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी! मुली बिचाऱ्या शिस्तीच्या. शिट्टी वाजली की थांबायच्या, परत वाजली की धावायच्या.

शेवटी आमची कॅप्टन रोशनी जवळ आली आणि तिने मला हलवलं. "मॅडम, तुम्ही घोरता त्याच्यामुळे आम्हाला आउट होताच येत नाही!"

मुली हसून लोळल्या. मी घरी जाऊन रडले. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांना पळवलं, तिला आता बसल्या जागी जागं राहता येत नाही, हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मीच हेडसरांना सांगितलं, संघ दुसऱ्या कोणाकडे द्या. हेडसरांनी सगळीकडे पाहिलं आणि शिट्टी सोनवणे सरांच्या गळ्यात घातली. त्यांना गुडघेदुखी आहे, हे सोडलं तर त्यांची काहीच हरकत नव्हती.

\*

मधल्या काळात डॉक्टरीणबाईंची तपासणी आली. मी तक्रार केली, की थकवा कमी व्हायचं राहिलं बाजूला, आता तर दिवसाढवळ्या गुंगी येते.

"गोळी कधी घेता?"

"सकाळच्या पॅसेंजरला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्या गोळीने गुंगी येतेच. म्हणून तर झोपताना घ्या म्हणून लिहिलंय!"

माझ्या गोळ्यांचा कारभार आमच्या ह्यांच्याकडे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला वेळापत्रक लावतात. गोळी तेच डब्याच्या पिशवीत घालायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचे. ते शेजारच्या खुर्चीतच बसले होते, मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. ते जराही गडबडले नाहीत.

"मंग? झोपतानाच दिधी ना! रातले तू झोपस कोठे? तू तं गाडीमाच झोपस!"

डॉक्टरीणबाईंना खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून हसावं लागलं.

\*

गोळी रात्रीवर गेली आणि हळूहळू झोप लागायला लागली. थकवा पळाला असं नाही, पण शिसं होतं ते वाळूवर आलं. संघ मात्र परत मागितला नाही. लाज वाटत होती आणि खरं सांगायचं तर भीती जास्त होती. पुन्हा मैदानावर डोळा लागला तर?

तिकडे सोनवणे सरांनी मुलींना पळून दाखवण्याच्या नादात गुडघा आणखी दुखावून घेतला. पीटीच्या बाईच्या किटमध्ये दुखण्याचं मलम असतंच, हे अख्ख्या शाळेला माहीत. मी वर्गावर होते. सरांनी किट उघडलं, ट्यूब काढली आणि गुडघ्याला भरपूर चोळली.

दुसऱ्या दिवशी आले ते नाचतच. "मॅडम, तुमनं मलम भारी शे! मन्हा गुडघा एकदम मोकया व्हयना!"

मी ट्यूब पाहिली. माझं हार्मोनचं जेल! आदल्या दिवशी घरी लावायला वेळ मिळाला नव्हता म्हणून बरोबर आणलं होतं.

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मन्हं काय व्हई आते?" मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, एकदा लावल्याने काही होत नाही, फक्त ट्यूब त्यांच्यापासून लांब ठेवा. तरी सरांना धीर येईना. ते गावित मॅडमकडे वळले. "मॅडम, तुम्ही सायन्सन्या. खरं काय ते सांगा."

गावित मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घाबरू नका सर. फार तर घरातली धुणीभांडी कोण करतं, ते दिसायला लागेल."

\*

जिल्ह्याच्या स्पर्धा नंदुरबारला होत्या. मुली संध्याकाळच्या गाडीने निघणार, सोबत सोनवणे सर. त्याच गाडीने मी घरी जाणार. सगळे मिळून स्टेशनवर आलो.

रोशनी वाटेत दोनदा म्हणाली, "मॅडम, तुम्हीच चला ना ग्राउंडवर." मी म्हटलं, "सर आहेत ना. मला नाही आता जमायचं." तिचा उतरलेला चेहरा पाहून मला वाईट वाटलं, पण मी दुसरीकडे पाहिलं.

आमच्या नवापूर स्टेशनाची गंमत म्हणजे ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. एक बाक तर असा आहे की मधोमध राज्याची हद्द. मी त्याच्या गुजरातकडच्या टोकाला बसले. समोर मुली वेळ घालवायला फलाटावरच उकिडव्या बसून खो देण्याचा सराव करत होत्या आणि मी सवयीने बसल्या बसल्या ओरडत होते, "हात पाठीला लागू दे! मोठ्याने म्हण! आणि खो मिळेपर्यंत उठायचं नाही, फाऊल होतो! मिळाला की मग मागे वळायचं नाही!" सोनवणे सर बाजूला उभे राहून सगळं ऐकत होते.

ओरडता ओरडता कधी डोळा लागला, कळलं नाही.

आणि पाठीवर थाप पडली.

"खो!"

मी उठले ते सुसाट! अंगात कुठून आलं देव जाणे. गुजरातमधून महाराष्ट्रात आले, चहाची गाडी चुकवली, मागे वळायचं नाही म्हणून वळलेच नाही. समोर नुकत्याच लागलेल्या आमच्या गाडीच्या डब्याचं दार होतं, त्यात शिरले. माझ्या मागोमाग किंचाळत, हसत अख्खा संघ आत!

दम लागला होता, पण छान दम. छातीवर काहीतरी आपटत होतं म्हणून हात लावला. शिट्टी. माझ्या गळ्यात.

मी खिडकीशी धावले. बाकावर माझ्या जागी सोनवणे सर. दुखऱ्या गुडघ्यासकट दोन्ही पाय वर घेऊन, आमच्याकडे पाठ करून, अगदी आमच्या मुली बसतात तसे उकिडवे.

"सर! चला ना! गाडी सुटली!"

सरांनी मानसुद्धा वळवली नाही.

"खो भेटस नही तवलोंग उठानं नही, मॅडम! तुम्हीच शिकाडं ना!"