काचवाले भावोजी नातीला बोटीवर नेतात

माझे भावोजी माणसांशी जेमतेम बोलतात, पण खोक्यांचं बोलणं त्यांना बरोबर कळतं. काचसामानाच्या गोदामात त्यांची उभी हयात गेली. पेले, बरण्या, आरसे, झुंबरं, जे जे म्हणून फुटू शकतं ते ते त्यांच्या हाताखालून जातं. तळाला चुरगळलेली रद्दी, त्यावर पेंढा, मग एकेक नग कागदात गुंडाळून, मग फटीफटीत पुन्हा रद्दी. खोकं बंद झालं की भावोजी ते कानाशी नेऊन हळूच हलवतात. आतून जरा आवाज आला की म्हणतात, “बोलतंय.” मग ते खोकं उघडून पहिल्यापासून सुरुवात. आवाज आला नाही की म्हणतात, “मुकं झालं.” त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते माझ्या ताईच्या मते त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा नाही.

अशा माणसाला नात झाली.

पहिल्यांदा तिला उचललं तेव्हा मी तिथेच होतो. दोन्ही तळवे खालून, कोपरं ताठ, हात अंगापासून लांब, श्वास रोखलेला आणि चाल खेकड्यासारखी आडवी. तोंडानं “बाजू, बाजू” चाललेलं. खोलीत मी आणि ताई असे दोघंच होतो आणि दोघंही भिंतीला टेकून बसलो होतो. अजून बाजूला व्हायचं तर भिंत फोडावी लागली असती. नातीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की शेजारीण विचारायला आली.

त्यानंतर तो नियमच झाला. घरात तिला ‘बाईसाहेब’ म्हणतात, आणि बाईसाहेब तशा मोकळ्या स्वभावाच्या. दूधवाल्याकडे हसत जातील, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या खांद्यावर झोपतील. माझ्याकडेसुद्धा येतात, आणि माझ्याकडे माझी स्वतःची पोरं येत नसत. फक्त आजोबांचे हात पुढे आले की ओठ बाहेर, डोळ्यांत पाणी आणि मग भोंगा.

भावोजी याबद्दल कुणापाशी चकार शब्द बोलले नाहीत. एकदा मात्र मला गोदामाच्या दारात गाठून म्हणाले, “माझ्या हाताला रद्दीचा वास येतो का रे?”

मी हुंगून पाहिलं. नुसता साबणाचा वास येत होता. हात इतके घासलेले की तळव्यावरच्या रेषा पुसट झाल्या होत्या.

“नाही येत,” मी म्हणालो.

“मग काय असेल?” ते म्हणाले आणि आत गेले.

अशातच जावयाची बदली झाली. बदलीचं गाव इतकं लांब की वर्षातून एकदा भेट झाली तर झाली. माझी भाची म्हणाली, “जायच्या आधी सगळे मिळून कुठेतरी जाऊ या.” जावई हौशी. त्यानं परस्पर मोठ्या बोटीच्या सहलीची तिकिटं काढली आणि त्यात मलाही धरलं, कारण सामान उचलायला कुणीतरी हवं. भावोजींनी रजेचा अर्ज केला. मालकाला वाटलं, हे नोकरी सोडताहेत.

“समुद्राचं एवढं काय आकर्षण?” मी विचारलं.

“समुद्राचं मला काय करायचंय,” भावोजी म्हणाले. “बोटीवर ती कुठे जाणार? सगळा दिवस समोरच असेल. तिनं एकदा माझ्याकडे यावं. रडू नये. बस. मग जाऊ देत खुशाल कुठेही.”

पुढच्या वेळी भेट होईल तेव्हा ती चालायला लागलेली असेल, आजोबा म्हणजे कुणीतरी अनोळखी पाहुणा असेल, हे सगळं त्या ‘बस’मध्ये आलं होतं.

बाईसाहेबांची बॅग कुणी भरायची यावर निघायच्या आदल्या दिवशी घरात चर्चा झाली नाही. भावोजींनी ती आधीच भरून ठेवली होती. कानाशी नेऊन हलवूनही पाहिली होती.

“मुकी आहे,” ते म्हणाले.

“बॅग कुठाय पण?” भाचीनं विचारलं.

कारण समोर बॅग नव्हती. समोर खाकी कागदात गुंडाळलेला, सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा होता. त्याच्या चारी बाजूंना गोदामातली लाल चिठ्ठी लावलेली: काच, जपून. बोटवाल्यांनी खोलीच्या नंबराचा एक कागदी पट्टा पाठवला होता, तो बॅगेला बांधायचा होता. भावोजींनी तो बॅगेच्या मुठीला बांधला. फाटू नये म्हणून त्यावर पुठ्ठा लावला. पुठ्ठा निघू नये म्हणून वरून खाकी कागद गुंडाळला. आता तो पट्टा जगातल्या कुठल्याही संकटापासून सुरक्षित होता, आणि कुणी वाचण्यापासूनही.

बंदरावर सगळ्यांचं सामान हमालांकडे द्यायचं आणि संध्याकाळपर्यंत ते आपापल्या खोलीत पोचतं, अशी पद्धत. दिलं. वर गेलो. बोट म्हणजे आडवी पाडलेली इमारत होती. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, पायाखाली असा जाड गालिचा की आपण चाललो हे आपल्यालाच ऐकू येऊ नये. आमची खोली ताईच्या स्वयंपाकघरापेक्षा लहान, पण खिडकी गोल. ताईनं आधी पलंगाखाली वाकून धूळ पाहिली. नव्हती. तिचा अर्धा उत्साह तिथेच मावळला.

मग भोंगा वाजला आणि सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावून जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते शिकवलं. बाईसाहेबांसाठी एक पिटुकलं नारिंगी जाकीट आलं. ते चढवल्यावर फक्त वरून डोळे आणि खालून पाय दिसत होते. भावोजी तिच्याभोवती एक फेरी मारून आले. पट्टे ओढून पाहिले, गळ्यामागची गादी दाबून पाहिली.

“याला म्हणतात पॅकिंग,” ते म्हणाले. “हे सहल संपेपर्यंत राहू दे.”

“बाबा,” भाची म्हणाली.

“निदान झोपताना.”

“अहो,” ताई म्हणाली, “ती नात आहे, झुंबर नाही.”

भावोजींनी मोठ्या आशेनं हात पुढे केले. तळवे वर, कोपरं ताठ. जाकिटातून ओठ बाहेर आला. शेजारच्या रांगेतल्या एका आजीबाईला ते बघवेना. तिनं हात पुढे केले, आणि बाईसाहेब जाकिटासकट तिच्याकडे गेल्या.

संध्याकाळी सगळ्यांच्या बॅगा आल्या. बाईसाहेबांची आली नाही. तिच्यात दुधाची पावडर होती, लंगोट होते, आणि जे डोक्याखाली नसेल तर बाईसाहेब झोपत नाहीत ते मळकं दुपटं होतं. हातातल्या पिशवीतली एकुलती एक बाटली तिनं बंदरावरच संपवली होती. आता तिला भूकही लागली होती आणि झोपही आली होती. ती दोन्ही कामं एकाच आवाजात उरकत होती.

आम्ही सगळी वरात घेऊन चौकशीच्या खिडकीवर गेलो.

“बॅग कशी होती?” तिथल्या बाईनं विचारलं.

“निळी,” भाची म्हणाली. “पण दिसत नव्हती.”

“म्हणजे?”

“म्हणजे होती, पण कागदाच्या आत होती.”

बाईनं आमच्याकडे पाहिलं, रडणाऱ्या बाईसाहेबांकडे पाहिलं आणि फोन उचलला. पलीकडच्या माणसाशी बोलता बोलता ती मान वर करून म्हणाली, “लाल चिठ्ठ्या होत्या का? काच म्हणून?”

आम्ही सगळ्यांनी एकदमच भावोजींकडे पाहिलं.

झालं होतं असं, की हमालांना गठ्ठ्यावर खोलीचा नंबर दिसला नाही, ‘काच’ मात्र चारी बाजूंनी दिसलं. त्यांनी सरळ तो भटारखान्याच्या भांडीघरात पोचवला. तिथे तो सुपाच्या बशांच्या वर, एकटाच, मानाच्या जागी ठेवलेला होता. भटारखान्यातला एक धिप्पाड आचारी तो स्वतः दोन्ही हातांवर घेऊन आला.

“आम्ही उघडला नाही,” तो म्हणाला. “इतकं छान बांधलेलं होतं, वाटलं, कप्तानाची एखादी फुलदाणी वगैरे असेल.”

भावोजी मान खाली घालून उभे होते, पण कान लाल झाले होते. त्याही परिस्थितीत माणूस मनातून सुखावला होता.

खरी करमणूक पुढे होती. कात्री बॅगेत होती. सुतळीची गाठ भावोजींनी मारलेली, म्हणजे ती सुटण्यासाठी मारलेलीच नव्हती. जावई दातांनी, मी नखांनी आणि ताई तोंडानं तिच्यावर तुटून पडलो. सुतळी सुटली तर खाकी कागद, कागद निघाला तर पुठ्ठा, पुठ्ठा गेला तर बॅग, आणि बॅग उघडली तर आत प्रत्येक वस्तू पुन्हा स्वतंत्र कागदात. दुधाचा डबा समजून सोडलं तर त्यात लंगोट निघाले. लंगोट समजून सोडलं तर चमचा. बाईसाहेबांनी आता वरचा स्वर लावला होता. शेवटी ताईच्या हाताला एक मऊ पुडकं लागलं. तिनं ते सोडलं. आत दुपटं होतं.

“अहो,” ती अगदी शांतपणे म्हणाली, “दुपटं फुटणार होतं का?”

तेवढ्यात डबा सापडला, दूध झालं, आवाज थांबला. भाचीचे केस विसकटले होते, डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, “बाबा, आता तुम्ही कशालाही हात लावू नका. तिलाही नको. प्लीज.”

भावोजींनी हात खिशात घातले. जेवणाच्या टेबलावरही ते खिशातच होते. ताई म्हणाली, “काटा तरी धरा.” तेव्हा एक हात निघाला. त्या जेवणात ते बटाट्याचा एक तुकडा बराच वेळ बशीभर फिरवत होते. मी काहीतरी विनोद करून पाहिला. मी विनोद केल्यावर ते एरवीही हसत नाहीत, पण निदान रागावतात. त्या दिवशी रागावलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र जरा खवळला. बाकी सगळे टोस्टवर लोणी लावत होते. भावोजींना बोट लागली. चेहरा चुन्यासारखा पांढरा, कपाळावर घाम. पोटातून असे आवाज की मी कान लावून म्हणालो, “भावोजी, बोलतंय.” त्यांनी मला हाकलायला हात उचलायचा प्रयत्न केला, पण तो अर्ध्या वाटेतूनच खाली पडला.

“आयुष्यभर दुसऱ्याचं सामान हलू दिलं नाही,” ताई लिंबू कापत म्हणाली, “आता सगळं एकदम वसूल होतंय.”

पलंग हलतो, खुर्ची हलते, म्हणून शेवटी ते खाली गालिच्यावर आडवे झाले. उताणे, हातपाय चारी दिशांना फेकलेले, सदऱ्याची बटणं उघडी, डोळे मिटलेले.

दुपारी बोट एका बेटाशी थांबली. हलणं थांबलं, पण भावोजी उठले नाहीत. जावई आणि मी टोप्या शोधत होतो. ताईला बेटावर जायचं होतं आणि नवऱ्याला टाकून जायचं नव्हतं, त्यामुळे ती दोन्ही गोष्टींवर एकदमच चिडली होती. भाचीनं मुलीचं झबलं बदललं, तिला क्षणभर गालिच्यावर ठेवलं आणि ती चपला घालायला वळली.

बाईसाहेब रांगत निघाल्या. वाटेत त्यांना आजोबांचा पाय लागला. पायाला वळसा घालून जाणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. त्या पायावर चढल्या, गुडघ्यावरून घसरल्या, सदऱ्याची कड मुठीत धरून पुन्हा वर आल्या आणि पोटावर पोचल्या. भावोजींचं पोट त्या क्षणी जगातलं सगळ्यात ढिलं पोट होतं. तिथे त्या दोन-चारदा आपटून बसल्या. पसंत पडलं. मग त्यांनी गाल टेकला.

भावोजींचे डोळे उघडले. दोन्ही हात जमिनीवरून बोटभर वर आले, तळवे फिरायला लागले, कोपरं ताठ व्हायला लागली.

“हात खाली,” भाची दबल्या आवाजात म्हणाली.

हात खाली गेले. पुष्कळ कष्टानं, पण गेले.

“ताई, तुम्ही सगळे जा,” मी पुटपुटलो. “मी थांबतो.”

“कुणी कुठे जात नाही,” ताई म्हणाली आणि टोपी काढून पलंगावर बसली.

कुणीच गेलं नाही. बेट काय पळून जात होतं? खिडकीतून त्याचा एक हिरवा तुकडा दिसत होता, तेवढा आम्ही आळीपाळीनं पाहिला. बाईसाहेब पोटावर झोपल्या. दुपटं कुणालाही आठवलं नाही. थोड्या वेळानं ताई वाकून म्हणाली, “अहो, तुमचा सदरा ओला झालाय.”

“असू दे,” भावोजी ओठ न हलवता म्हणाले.

“मळमळतंय का अजून?”

“खूप.”

“मग उचलू तिला?”

“खबरदार.”

बाईसाहेब जाग्या झाल्या तेव्हा आमच्यापैकी कुणीही हलत नव्हतं. रांगता रांगता चढणं वेगळं, जाग आल्यावर हा चेहरा समोर दिसणं वेगळं. त्यांनी मान वर केली. आजोबांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ जरासा बाहेर आला. भाची पुढे सरकली, ताईनं तिचा दंड धरला. ओठ तिथेच थांबला, विचारात पडला आणि आत गेला. मग बाईसाहेबांनी एक बोट उचललं आणि सावकाश आजोबांच्या नाकपुडीत घातलं.

भावोजींना शिंक येणार हे आम्हाला दिसत होतं. आधी भुवया वर गेल्या, मग डोळ्यांत पाणी आलं, मग मानेच्या शिरा फुगल्या. आवरायचं तेवढं त्यांनी आवरलं, पण शेवटी ती आलीच, आणि सगळं पोट बाईसाहेबांसकट उडालं.

बाईसाहेब दचकल्या. त्यांनी बोट काढून घेतलं, ते नीट निरखून पाहिलं, मग आजोबांना पाहिलं.

भावोजींनी मान उचलली आणि नाक पुढे केलं.