गोलकीचा शब्द

पटले सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंदड स्टेशनवर गोंदियाच्या गाडीची वाट बघत होतो. सरांच्या घरच्या काकू एवढंच म्हणाल्या, "सर गेले रे उमेश." मी "हो जी" म्हटलं, फोन खिशात ठेवला आणि गाडी आली तशी गाडीत बसलो. गोंदियात उतरून पंपाचा वॉशर घेतला, तेव्हा कुठं लक्षात आलं की आपण सरांच्या घरी जायला हवं होतं. रडू तेव्हा आलं नाही. दीड महिना झाला, अजून आलेलं नाही...

सर शाळेत आम्हाला पीटी शिकवायचे. धान कापून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या की तालुक्या-तालुक्यात फुटबॉलचे सामने भरायचे आणि सर रेफरी म्हणून जायचे. मान म्हणून नारळ आणि दुपट्टा. काळ्या शर्टाला इस्त्री मात्र स्वतः करायचे, काकूंवरही भरवसा नाही. आमच्याकडे गोलपोस्ट बांबूचे, जाळी नाही, आणि लाइनमन म्हणजे ज्याला कुठल्याच टीमनं घेतलं नाही तो. त्यामुळे चेंडू आत गेला की नाही यावर भांडण ठरलेलं. सरांचा त्यावर स्वतःचा उपाय होता. शंका आली की ते चेंडू द्यायच्या निमित्तानं गोलकीपरपाशी, म्हणजे आमच्या बोलीत गोलकीपाशी, जायचे, खाली वाकून हळूच विचारायचे आणि तो सांगेल तो निर्णय द्यायचे. हे फक्त आम्हा गोलकींना ठाऊक होतं आणि आम्ही ते बाहेर बोलत नसू. मी एकदा आमच्याच टीमविरुद्ध खरं सांगितलं होतं. तेव्हा परतताना सर म्हणाले होते, "गोलकी सगळ्यात जवळून पाह्यते. आन् मातीत लोळनारा मानूस खोटं बोलत नाही."

मग तो अंतिम सामना. दिवस कॅसेटचे होते, मी बावीस वर्षांचा. सौंदडच्याच बांधीत सौंदड विरुद्ध देवरी. आम्ही एका गोलनं पुढे होतो आणि शेवटची पाच मिनिटं उरली होती. देवरीचा कप्तान राजू, त्याचा फटका माझ्या छातीवर आदळून मागे पडला. मी वळून चेंडू ओढला आणि त्याच्यावर आडवा झालो. चुन्याची फक्की संपली म्हणून गोलची रेषा राइस मिलच्या राखेनं आखलेली, ती माझ्या अंगाखाली सगळी पुसली गेली. सर लांबून धावत आले. वाकले.

"आत गेलता का रे?"

"नाही जी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खेळ पुढे सुरू केला. आम्ही जिंकलो. गावानं मला खांद्यावर घेऊन मिरवलं, आणि खोटं कशाला सांगू, मला ते आवडलं.

कमिटीनं लग्नाची शूटिंग करणारा बोलावला होता. आठ दिवसांनी देवरीच्या चहाच्या टपरीवर ती कॅसेट लागली. शूटिंगवाल्यानं चित्र थांबवून दाखवलं म्हणतात, "देखो भैया, बॉल पूरा अंदर है." खरंच होता, वीतभर आत. त्यानंतर कॅमेरा ओरडणाऱ्या लोकांकडे वळलेला, त्यामुळे सरांचं वाकणं त्यात आलंच नाही. सर सौंदडचे, जिंकलं सौंदड, लोकांना आणखी काय हवं? देवरीची माणसं सरांच्या अंगणात आली तेव्हा मीही तिथंच भिंतीला टेकून उभा होतो. "सर, काऊन नाही देल्ला गोल? आपल्या गावाले जितवाचं होतं?" राजूनं विचारलं. सर म्हणाले, "माही चूक झाली." माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानंतर त्यांना कुणीच बोलावलं नाही. दर हिवाळ्यात ते शर्टाला इस्त्री करून खुंटीला लावत, आणि उन्हाळ्यात काकू तो उचलून पेटीत ठेवत.

मी त्यांच्याकडे जात राहिलो, टीव्हीवर सामने बघायला. एकदा परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या सामन्यात चेंडू उघड उघड आत पडला आणि रेफरीनं गोल दिला नाही. तेच चित्र दहादा दाखवत होते. आता कॅमेऱ्यात पाहूनच निर्णय द्यावा, अशी चर्चा चालली होती. सर म्हणाले, "बरं होईल." मग टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "गोलकीले इचारा नाही लागनार." कप माझ्या हातात होता. आत्ता बोलावं, असं वाटलं. मी म्हणालो, "काकू, चहात साखर जास्त झाली." सर म्हणाले, "पी."

तेरवीला राजू आला होता. मी पंगतीत वाढत होतो. "मानूस सोन्यासारखा होता," तो म्हणाला, "पन त्या दिवशी चुकला." मी "हो" म्हटलं आणि त्याच्या पत्रावळीवर भात घातला. सरांच्या माघारीसुद्धा मी हो म्हटलं. याची मला लाज वाटते. एवढं एकच सध्या नीट जाणवतं.

निघताना काकूंनी पेटीतून काढून ती कॅसेट माझ्या हातात दिली. सरांनी ती शूटिंगवाल्याकडून कधीतरी मागून आणली होती. गावात आता ती लावायला यंत्र नाही. वरच्या चिठ्ठीवर सरांचं पीटीच्या हजेरीतलं ठसठशीत अक्षर आहे: "अंतिम सामना. सौंदड १, देवरी १."

राजू, सरांनी मला विचारलं होतं.