बाबांच्या उशाशी लावलेली बेल

बाबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी घरीच एक बेल तयार करून त्यांच्या उशाशी बसवली. जुन्या टेबललॅम्पचं बटण, बॅटरीचा डबा आणि त्यांच्या खोलीपासून हॉलमधल्या माझ्या टेबलापर्यंत भिंतीला चिकटवलेली वायर. बाबांचं आयुष्य खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेलेलं. तपासल्याशिवाय कुठल्याच वस्तूवर त्यांचा विश्वास नसे. रोज सकाळी ते तीनदा बटण दाबून बघायचे. मी घरूनच नोकरीचं काम करायचो. एकदा ऐन मीटिंगमध्ये बेल वाजली, तेव्हा मी आत जाऊन म्हणालो, "बाबा, चालतेय ती. उगाच दाबत जाऊ नका."

त्यानंतर सकाळची बेल थांबली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी दुपारी ताट घेऊन आत गेलो, तर त्यांच्या अंगाखालची चादर ओली होऊन गार पडलेली. बटण हाताशीच होतं. बेल बिघडली असणार म्हणून मी आधी बटण दाबलं, मग त्यांच्याकडे बघितलं. हॉलमध्ये बेल खणखणीत वाजली.

"बिघडली नाहीये," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. "तुझी मीटिंग चालू होती."