काजू सोललेली बोटं आणि साहेबांचा संशय

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. आज जेवणानंतर ओरोसच्या आमच्या ऑफिसात नव्या ओळखपत्रासाठी कर्मचाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतले. माझा एकही ठसा मशीनवर उमटेना. रविवारी घरी ओले काजू सोलले, त्यांच्या चिकाने बोटं सोलवटलीत.

नुकतेच बदलून आलेले साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "ठसे मुद्दाम घालवतात लोक. यांची पोलीस पडताळणी नीट करा."

मागून मैत्रीण पुटपुटली, "गो, माजी बोटां पण अशीच आसत. आता माका पण चोर ठरवतलो."

काजूच्या दिवसांत इथल्या कुठल्या बाईची बोटं धड असतात?

आणि जेवताना याच साहेबांनी माझ्या डब्यातली काजूची उसळ दोनदा मागून खाल्ली होती. ते काजू आपोआप सोलले गेले, असं वाटलं का त्यांना?